डोंगरनामांचे अर्थ : पनवेल परिसरातील व्युत्पत्तिविचाराची चिकित्सा

मराठीतील दुर्गविषयक आणि स्थलवर्णनपर लेखनाची परंपरा समृद्ध आहे. इतिहाससंशोधकांचे ग्रंथ, जिल्हा गॅझेटियर, गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांचे ललित लेखन आणि अलीकडील पदभ्रमणविषयक पुस्तके असा तिचा विस्तार आहे. या सर्व प्रकारांत एक वाक्य हमखास आढळते : अमुक डोंगराला अमुक नाव का पडले याचा खुलासा करणारे. पुष्कळदा हे वाक्य 'असे म्हणतात' या शब्दांनी संपते. पुढचा लेखक ते उतरवून घेताना 'असे म्हणतात' तेवढे गाळतो आणि दंतकथेचे विधान होते. गडाची उंची, त्याच्या हस्तांतराची तारीख, तटबुरुजांची स्थिती यांविषयी पुरावा मागणारा वाचक नावाच्या अर्थाविषयी मात्र पुरावा मागत नाही. प्रस्तुत लेखात या एका वाक्याची चिकित्सा केली आहे. डोंगराच्या नावाचा अर्थ केवळ शब्दाची फोड करून मिळत नाही. ते नाव कोणी, कोठून पाहून आणि कोणत्या बोलीत ठेवले हे आधी ठरवावे लागते, हे या चिकित्सेमागील सूत्र आहे.

उदाहरणांसाठी पनवेल परिसर निवडला आहे. सिडकोने वसवलेल्या कामोठे या उपनगरातून सभोवार पाहिले असता उत्तरेस खारघरची टेकडी, ईशान्येस मलंगगड, पूर्वेस प्रबळगड व त्याला लागून कलावंतिणीचा सुळका, त्यांच्या मागे माथेरान, आग्नेयेच्या बाजूला इर्शाळ आणि दक्षिणेस अंगठ्यासारखा उभा असलेला कर्नाळा अशी रांग दिसते. ज्या जिल्ह्यात हा परिसर आहे त्याचे नावही एका डोंगराचेच आहे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड करण्यात आले. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे या डोंगरांविषयीची गॅझेटियरमधील पहिली सविस्तर नोंद कुलाब्याच्या नव्हे, तर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पाहावी लागते. ही साधी बाब लक्षात न घेतल्यामुळे 'गॅझेटियरमध्ये उल्लेख नाही' असे निष्कर्ष काढले जातात.

कामोठे उपनगराचे रेल्वे स्थानक मात्र 'मानसरोवर' या नावाचे आहे. त्यापुढचे स्थानक खांदेश्वर हे खांदा गावातील शिवमंदिरावरून ओळखले जाते. मानसरोवराचा येथील भूमीशी असा कोणताही संबंध नाही. नियोजनकारांनी हिमालयातून ते नाव आणले. आणखी शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक कामोठ्यात मानस नावाचे तळे शोधू लागला, तर त्याची पद्धत आजच्या पुष्कळ व्युत्पत्तिकारांहून फारशी वेगळी असणार नाही.

फोड आणि कथा

माथेरान या नावाच्या दोन फोडी सर्वत्र आढळतात : 'माथ्यावरील रान' आणि 'मातेचे रान'. दोन्ही एकामागोमाग देऊन लेखक पुढे जातात, जणू त्यांचे वजन सारखेच आहे. वस्तुतः ते सारखे नाही. 'माथे' हे समासात येणारे रूप मराठीत जिवंत आहे. 'माथेफिरू' हा नित्याच्या वापरातील शब्द त्याची साक्ष देतो. याउलट 'माता' या शब्दातील 'त' चा 'थ' का व्हावा, याला या ठिकाणी कोणतेही ध्वनिशास्त्रीय कारण दाखवता येत नाही. 'मातेचे रान' ही फोड अर्थाच्या गोडव्यावर टिकून आहे. व्युत्पत्ती ही ध्वनीच्या नियमांनी बांधलेली असते, अर्थाच्या सौंदर्याने नव्हे, हे तत्त्व कृ. पां. कुलकर्णी यांच्या 'मराठी व्युत्पत्ति कोशा'ला (१९४६) आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली तरी स्थलनामांच्या बाबतीत रुजलेले दिसत नाही.

तथापि पहिली फोड ग्राह्य धरल्यानेही विषय संपत नाही. 'माथ्यावरील रान' हे नाव माथ्यावर राहणाऱ्याने दिलेले असणे कठीण. त्याच्या दृष्टीने ते नुसते रान असते. नाव देणारा पायथ्याशी किंवा उतारावरच्या वाडीत आहे. लाकूडफाटा, मध, औषधी यांसाठी तो वर जातो आणि उतारावरचे रान व माथ्यावरचे रान यांत त्याला भेद करावा लागतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली चौकच्या बाजूने चढून माथेरान 'शोधले' असे सर्व पुस्तके सांगतात. ज्या ठिकाणाला आधीच नेमके, भौगोलिक दृष्ट्या बिनचूक नाव होते, त्याच्या बाबतीत 'शोध' हा शब्द कितपत योग्य, हा प्रश्न नावानेच उपस्थित केला आहे. मॅलेटनंतर तेथील कड्यांना लुइझा, हार्ट, अलेक्झांडर, पॅनोरमा अशी नावे मिळाली. ती एका विशिष्ट वर्गाच्या फिरण्याच्या वाटांवरची नावे आहेत. जेथे त्या वाटा संपतात तेथे तीही संपतात.

कलावंतिणीच्या सुळक्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रबळगडालगतच्या या सुळक्यावर जाण्यासाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत. तट, बुरूज यांपैकी तेथे काही नाही. तरीही गेल्या काही दशकांत त्याचा उल्लेख 'कलावंतीण दुर्ग' असा होऊ लागला आणि दुर्ग म्हटल्यावर त्याला राजा-राणी हवीच, म्हणून 'कलावंती' नावाच्या राणीची कथा प्रचलित झाली. मराठीत 'कलावंतीण' हा शब्द नृत्यगायनाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीसाठी रूढ होता. पन्हाळ्यावरील 'नायकिणीचा सज्जा' हे नाव त्याच जातीचे आहे. उंच, एकट्या, पाहताना भीती वाटावी अशा जागेशी नर्तकीचे नाव जोडणे ही लोककथेची नेहमीची पद्धत होय. या नावामागे प्रत्यक्ष कोणी स्त्री होती की नाही, हे ठरवण्याचे साधन आज हाती नाही. परंतु 'कलावंतीण' या सामान्यनामाची 'कलावंती' ही राणी होणे हा व्युत्पत्तीचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. नाचणाऱ्या स्त्रीचे नाव डोंगराला असणे आधुनिक मध्यमवर्गीय भटक्याला अवघड वाटले आणि त्याने तिला राणीपद दिले. माचीवरील आदिवासी शिमग्याला त्या सुळक्याच्या माथ्यावर जाऊन नाचतात. त्यांना मूळ शब्दाची अडचण वाटत असल्याचे दिसत नाही.

पांडवांच्या कथांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कर्नाळ्याच्या सुळक्याला 'पांडूचा बुरूज' म्हटले गेले आणि खारघरच्या धबधब्याला 'पांडवकडा'. मानवी हातांनी होणे अशक्य वाटते ते पांडवांनी केले, एवढाच त्याचा अर्थ. अशा नावांमधून काळ काढता येत नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांनाही लोक पांडवलेणीच म्हणतात.

शिलालेखांची साक्ष

नाशिकचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. सह्याद्रीच्या परिसरात ज्या थोड्या डोंगरांची प्राचीन नावे समकालीन लेखांत टिकून आहेत, त्यांपैकी तो एक होय. तेथील सातवाहनकालीन प्राकृत लेखांत त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी, असे येते. आजच्या 'पांडवलेणी' या नावातून त्या जुन्या नावापर्यंत जाण्याची कोणतीही वाट नाही. शिलालेख नसते तर ते नाव कायमचे हरवले असते. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराची स्थिती वेगळी आहे. आजचा उच्चार ऐकणाऱ्याला मान मोडण्याचा अर्थ सहज सुचतो आणि उभा चढ पाहून तो पटतोही. तेथील लेखात मात्र 'मानमुकुड' असे रूप आहे. म्हणजे नाव टिकले, ध्वनी झिजले आणि झिजलेल्या ध्वनींना लोकांनी नवा अर्थ दिला. मुंबईजवळची कान्हेरी हे तिसरे उदाहरण. लेखांतील 'कण्हगिरि' म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. हे रूप उपलब्ध नसते तर कण्हेरीच्या झाडापासून किंवा कान्ह्यापासून ते नाव आल्याचे आज कोणीही सहज सिद्ध केले असते, आणि ते खोडून काढणे कोणालाही जमले नसते.

या तीन उदाहरणांतून तीन शक्यता दिसतात : नाव पूर्णपणे बदलते, नाव टिकून अर्थ बदलतो, आणि नाव व अर्थ दोन्ही झिजून केवळ ध्वनी उरतो. पनवेल परिसरातील बहुतेक डोंगरांवर असा लेख नाही. तेव्हा कर्नाळा, प्रबळ किंवा इर्शाळ यांपैकी कोणते नाव कोणत्या गटात पडते, हे आजच्या रूपावरून सांगता येणार नाही. व्युत्पत्तिकाराने येथे थांबावयास हवे. तो थांबत नाही, कारण थांबण्याने वाक्य पूर्ण होत नाही.

वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांकडे वसाहतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीला दिली. 'महिकावतीच्या बखरी'च्या (१९२४) प्रस्तावनेत उत्तर कोकणातील कातकरी, ठाकर, कोळी आदी समाजांच्या थरांचा विचार आहे आणि तो आजही उत्तेजक वाटतो. परंतु शब्दाचे मूळ संस्कृतात असलेच पाहिजे हे गृहीत धरण्याचा त्यांचा कल होता आणि त्यांच्या अनुयायांनी कल तेवढा उचलला, परिश्रम उचलले नाहीत. याची प्रतिक्रिया म्हणून विश्वनाथ खैरे यांनी मराठी शब्दांची मुळे तमिळमध्ये दाखवण्याचा उपक्रम केला. कुलपर्वतांपैकी 'मलय' हे नाव द्राविडी 'मलै'शी जोडले जाते, त्यामुळे त्या दिशेने पाहणे अयोग्य म्हणता येत नाही. अडचण पद्धतीची आहे. एका कोशाच्या जागी दुसरा कोश ठेवला तरी आजचे रूप घेऊन त्याच्याशी जुळणारा जुना शब्द शोधायचा, हा क्रम तोच राहतो. मधल्या काळातील रूपे, कागदपत्रांतील लेखन, बोलीतील उच्चार यांची साखळी दोन्ही बाजूंना सारखीच तुटलेली आहे.

उच्चार आणि लेखन

पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात आगरी बोली बोलली जाते. या बोलीत प्रमाण मराठीतील 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' होतो. दोन स्वरांमधील 'ड' चा 'र' होण्याचीही प्रवृत्ती आहे. स्थलनामांच्या अभ्यासात ही माहिती प्राथमिक महत्त्वाची आहे, आणि तीच बहुधा दुर्लक्षित राहते.

'कर्नाळा' हे लेखन पाहावे. काही ठिकाणी 'कर्णाळा' असेही लिहिले जाते. स्थानिक उच्चारात 'न' आणि 'ल' दोन्ही अपेक्षित आहेत. प्रमाण भाषेत 'ण' आणि 'ळ'. रूढ लेखनात मात्र 'न' बोलीचा आणि 'ळ' प्रमाण भाषेचा, असा संकर दिसतो. गॅझेटियरच्या रोमन लिपीत 'आ' चे दीर्घत्व दाखवण्याची सोय होती. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांत भेद करण्याची नव्हती. रोमन नकाशावरून नाव पुन्हा देवनागरीत आणणाऱ्या कारकुनाने एक अक्षर ऐकून आणि दुसरे अंदाजाने लिहिले असेल, तर आज ज्या रूपाची फोड करण्याचा आग्रह धरला जातो ते रूपच संशयास्पद ठरते. 'कर्ण' म्हणजे महाभारतातील वीर, 'कर्णा' म्हणजे तुतारीसारखे वाद्य, 'कर्णाई' म्हणजे गडाच्या परिसरातील देवी, असे तीन खुलासे प्रचलित आहेत. तिन्ही 'ण' वर उभे आहेत. मूळ ध्वनी 'न' असेल तर तिन्ही एकाच वेळी कोसळतात.

देवीच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी लागते. तोरण्यावर 'तोरणजाई' आहे. ती तोरण्याची देवी म्हणून तोरणजाई, हे उघड आहे. स्थलनामाला 'आई' किंवा 'जाई' जोडून देवीचे नाव तयार होण्याची रीत सह्याद्रीत सर्वत्र आढळते. कर्णाईवरून कर्नाळा म्हणण्याऐवजी कर्नाळ्यावरून कर्णाई म्हणणे त्या रीतीशी अधिक सुसंगत आहे. देवीचे नाव जुने आणि डोंगराचे नंतरचे, हे गृहीतक श्रद्धेच्या दृष्टीने स्वाभाविक असले तरी भाषेच्या दृष्टीने प्रत्येक वेळी तपासावे लागते.

लोकव्युत्पत्ती ही केवळ प्राचीन काळी घडलेली गोष्ट नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळच्या उतारावरील ठाकर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्या दिवसापर्यंत इर्शाळ हे नाव गिर्यारोहकांच्या वर्तुळापलीकडे फारसे कोणास ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते महाराष्ट्रभर पोहोचले, ते 'इर्शाळवाडी', 'ईर्शाळवाडी', 'इरशाळवाडी' आणि 'इरसालवाडी' अशा अनेक रूपांनी. यांतील शेवटचे रूप लक्षणीय आहे. 'इरसाल' हा मराठीत स्वतंत्र, परिचित शब्द आहे. अरबी-फारसीतून आलेला आणि आज 'बेरकी' किंवा 'अस्सल' या छटांनी वापरला जाणारा. बोलीतील 'ल' आणि बातमी लिहिणाऱ्याच्या कानाला ओळखीचा असलेला शब्द यांच्या संयोगातून एका डोंगराच्या नावाला, त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला अर्थ काही तासांत चिकटला. मानमोडीच्या बाबतीत जे शतकानुशतके घडले असावे ते येथे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. ज्या वाडीतील माणसांची नावेही पुरती हाती लागली नव्हती, तिच्या नावाचे चार प्रकारचे लेखन त्या आठवड्यात एकाच वेळी चालू होते. आणि वाडीतल्या माणसाच्या तोंडी कोणते रूप होते, हे विचारल्याची नोंद छापील मजकुरात सापडणे कठीण आहे.

सत्तेने दिलेली नावे

शिवकालीन नामांतरांचा विषय परिचित असला तरी त्यातील एक विशेष नजरेतून निसटतो. तोरण्याचा प्रचंडगड, खेळण्याचा विशाळगड, रोहिड्याचा विचित्रगड, पेबचा विकटगड, आणि परंपरेने मुरंजनाचा प्रबळगड. ही सर्व विशेषणे आहेत, आणि सर्व संस्कृत. 'राजव्यवहारकोशा'त दुर्गविषयक शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग योजून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याची जी दृष्टी दिसते, तिच्याशी हे सुसंगत आहे. ही नावे डोंगराचे वर्णन करीत नाहीत. प्रचंड, विशाळ, विकट, प्रबळ यांपैकी कोणतेही विशेषण कोणत्याही गडाला लावता आले असते. त्यांचा अर्थ शब्दकोशात पूर्णपणे सापडतो आणि म्हणूनच भूगोलाविषयी ती काही सांगत नाहीत. ती राज्याविषयी सांगतात.

यांपैकी कोणती नावे टिकली हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. विशाळगडाने खेळण्याला आणि रायगडाने रायरीला मागे टाकले. परंतु प्रचंडगड कागदावर राहिला आणि तोरणा लोकांच्या तोंडी. विचित्रगड आणि विकटगड यांचीही गत तीच झाली. जेथे राजधानी, मोठी शिबंदी किंवा नंतरच्या काळात राष्ट्रीय स्मृतीचे केंद्र राहिले तेथे वरून आलेले नाव रुजले. जेथे गडाचे महत्त्व ओसरले तेथे पायथ्याच्या गावाने आपले जुने नाव परत आणले, किंवा ते कधी सोडलेच नव्हते. या नियमाला प्रबळगड अपवाद ठरतो. त्याचे महत्त्व ओसरले, तरी 'मुरंजन' लोपले आणि 'प्रबळ' उरले. माचीवरील वाडीही 'प्रबळमाची' म्हणूनच ओळखली जाते. याचे कारण काय, हा संशोधनाचा खरा विषय होऊ शकेल. पायथ्याची वस्ती मधल्या काळात बदलली काय, असा प्रश्न येथे विचारता येतो.

सिंहगडाचे उदाहरण या परिसराबाहेरचे असले तरी टाळता येत नाही, कारण डोंगराच्या नावाविषयीची मराठीतील सर्वांत प्रभावी कथा तीच आहे. तानाजी मालुसरे १६७० च्या फेब्रुवारीत पडले आणि त्यांच्या बलिदानामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे प्रत्येक मराठी मूल शिकते. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने (१९०३) ती समजूत पक्की केली. प्रत्यक्षात १६६३ च्या एप्रिलमधील शिवाजी महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. म्हणजे नाव आधीचे आहे आणि कथेने ते नंतर आपलेसे केले. तानाजींच्या पराक्रमाला यामुळे कोणतीही बाधा येत नाही. परंतु एवढ्या सुपरिचित नावाच्या बाबतीत, एवढ्या जवळच्या काळात आणि कागदपत्रे उपलब्ध असताना कथा पुराव्यावर मात करते, तर कलावंतिणीच्या किंवा कर्नाळ्याच्या बाबतीत कथेवर कितपत विसंबावे, याचे उत्तर आपोआप मिळते.

इंग्रजांनीही नावे दिली. कर्नाळ्याला 'फनेल हिल', मलंगगडाला 'कॅथीड्रल रॉक', खंडाळ्याच्या नागफणीला 'ड्यूक्स नोज'. यांकडे केवळ वसाहतवादी आक्रमण म्हणून पाहण्याची सवय झाली आहे, आणि ती पूर्णतः चुकीची नाही. पण ही नावे पाहणाऱ्याचे ठिकाणही सांगतात. फनेल म्हणजे नरसाळे आणि बोटीचे धुराडेही. मुंबई बंदराच्या बाजूने पूर्वेकडे पाहणाऱ्याला कर्नाळ्याच्या सुळक्यात धुराडे दिसणे स्वाभाविक होते. पायथ्याशी शिरढोणला राहणाऱ्याला ते दिसले नसते. नागफणी आणि ड्यूकचे नाक यांत खडक एकच आहे. एकाने सापाची फणा पाहिली, दुसऱ्याने वेलिंग्टनचे नाक. आकारावरून पडलेले नाव खडकापेक्षा पाहणाऱ्याविषयी अधिक बोलते, हे एतद्देशीय नावांनाही लागू आहे. मलंगगडाच्या बाबतीत तर नावाची फोड १९८० च्या दशकापासून मालकीच्या वादात ओढली गेली आहे. 'मलंग' हा फकिरासाठीचा फारसीतून आलेला शब्द आहे, एवढे भाषाभ्यास सांगू शकतो. त्या जागेवर कोणाचा अधिकार, हे शब्दाच्या मुळावरून ठरवणे हा व्युत्पत्तीचा दुरुपयोग होय.

सामान्यनामांचे मोल

स्कॉटलंडमधील गेलिक डोंगरनामांचा अभ्यास या संदर्भात मार्गदर्शक ठरतो. एकोणिसाव्या शतकातील ऑर्डनन्स सर्व्हेच्या अनेक मोजणीदारांना गेलिक येत नव्हते. नकाशांवरील कित्येक नावे त्यामुळे मोडतोड होऊन आली. ब्रायन फ्रील यांचे १९८० सालचे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक याच सर्व्हेच्या आयर्लंडमधील कामावर आधारलेले आहे. तरीही त्या मोजणीत एक शहाणपणाची गोष्ट होती. प्रत्येक नावासाठी ठेवलेल्या नामवहीत त्याची निरनिराळी लेखने आणि ती कोणाच्या सांगण्यावरून घेतली त्या व्यक्तींची नावे यांसाठी स्वतंत्र रकाने असत. एखादा धर्मोपदेशक, एखादा शाळामास्तर, एखादा शेतकरी. आज नावाचा विचार करणाऱ्याला मूळ सांगणाऱ्यापर्यंत परत जाता येते. पीटर ड्रमंड यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या स्कॉटिश डोंगरनामांवरील पुस्तकात विशेषनामांइतकेच महत्त्व सामान्यनामांना दिले आहे : 'कार्न' म्हणजे दगडांची रास, 'स्कूर' म्हणजे टोकदार खडकाळ शिखर, 'स्रोन' म्हणजे नाक आणि डोंगराची पुढे आलेली कडही.

मराठीत हा शब्दसंग्रह कमी नाही. माची, पदर, सोंड, धार, कडा, सुळका, नेढे, नाळ, खिंड, बारी, टेपाड. साडीच्या काठाप्रमाणे डोंगराच्या मध्यावर पसरलेला सपाट पट्टा म्हणजे पदर. सुईच्या भोकाप्रमाणे खडकाला आरपार पडलेले छिद्र म्हणजे नेढे, जे इर्शाळच्या माथ्याजवळही आहे. दोन कड्यांमधली अरुंद, तीव्र उताराची घळ म्हणजे नाळ. यांतील प्रत्येक शब्द नेमका आहे. चढणाऱ्याला, गुरे नेणाऱ्याला, पावसाचे पाणी कोठून येईल हे पाहणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. 'इर्शाळ' चा अर्थ न कळूनही 'इर्शाळचे नेढे' या शब्दांनी जागा कळते. विशेषनामांच्या मागे लागलेल्या अभ्यासाने या शब्दांची प्रदेशवार नोंद मात्र केली नाही. पुणे-नाशिककडील 'बारी' कोकणात कोणत्या शब्दाने सांगतात, माची आणि पदर यांत ठाकर आणि मराठा शेतकरी सारखाच भेद करतात काय, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतून मिळत नाहीत.

येथे एका उलट टोकाच्या मोहापासूनही सावध राहिले पाहिजे. दंतकथा आणि संस्कृत या दोहोंना कंटाळलेला अभ्यासक 'आदिवासींना खरे नाव माहीत असते' या निष्कर्षाकडे वळतो. ठाकूरवाडीतील किंवा माचीवरील माणसाने सांगितलेले नावही एका विशिष्ट काळचे आणि विशिष्ट वापराचे असते; त्यातही पर्यटकांकडून ऐकून परत आलेली नावे मिसळलेली असू शकतात. 'कलावंतीण दुर्ग' हा शब्द आज वाटाड्यांच्या तोंडीही असणे शक्य आहे. म्हणून नावाबरोबर सांगणाऱ्याचे वय, गाव आणि ते नाव त्याने कोठे ऐकले हे लिहून घेणे, म्हणजेच त्या नामवहीतील रकाना भरणे, आवश्यक आहे. हे काम परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, भूगोल आणि इतिहास विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. बोली कळणारे विद्यार्थी लागतात आणि ते वर्गात बसलेलेच आहेत.

हे काम तातडीचे का आहे, हे कामोठ्याच्या नैर्ऋत्येकडे पाहिल्यास कळते. नवी मुंबई विमानतळासाठी २०१७ पासून उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा गावे हलवण्यात आली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले व डिसेंबरमध्ये उड्डाणे सुरू झाली. विमानतळाला कोणाचे नाव द्यावे यासाठी २०२१ साली हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. ते आंदोलन भूमिपुत्रांच्या अस्मितेचे होते आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. पण त्याच भूमिपुत्रांनी टेकडीच्या सोंडांना, घळींना, खाडीकडच्या उताराला दिलेली नावे त्या चर्चेत कोठेही आली नाहीत. 'उलवे' हे नाव आता सिडकोच्या उपनगराचे आहे. ज्या उंचवट्याला ते लागू होते तो उंचवटा धावपट्टीखाली आहे. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे जेथे वसवण्यात आली त्या वसाहतीला 'पुष्पकनगर' असे नाव आहे. रामायणातील विमानाचे नाव विमानतळाच्या शेजारी शोभते खरे. त्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांना, टेकडीच्या कोणत्या बाजूला काय म्हणत होते आणि ते त्यांनी कोणाकडून ऐकले, हे विचारता येणे आज तरी शक्य आहे.